उतारा, पहाणी आणि प्लेस्टेशन: वीस वर्षांपूर्वीचा गेम नव्या संगणकावर का अडखळतो?

दिवाळीला निपाणीहून भाचा आला तो लॅपटॉप पोटाशी धरूनच. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि 'कोडिंगला लागतंय' म्हणून बापाकडून चांगला गेमिंगचा लॅपटॉप काढलाय. फराळ आटोपला, सोप्यात बैठक मारली आणि मला हाक दिली. "मामा, हे बघा. प्लेस्टेशन ३ आलं २००६ ला. माझा लॅपटॉप गेल्या वर्षीचा. तरी गेम कसा लंगडत चालायलाय."

पडद्यावर एक माणूस पळत होता. चार पावलं पळायचा, थबकायचा, परत पळायचा. आवाज तर घाटात रेडिओ लावल्यासारखा तुटत होता. आई शेजारी वाती वळत बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "करंट कमी आलाय काय?"

आम्ही दोघंही हसलो. पण भाच्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आजचा लॅपटॉप त्या जुन्या यंत्रापेक्षा कितीतरी पटींनी ताकदवान आहे. मग म्हाताऱ्या बैलाची गाडी नव्या ट्रॅक्टरला का ओढवेना? त्यात 'एम्युलेटर' हा शब्द २०२४ पासून बातम्यांतही येऊ लागलाय. निंटेंडोनं एका एम्युलेटरवर अमेरिकेत खटला घातला, तो बंद पडला, मग दुसराही बंद पडला. पोरं एकमेकांना लिंक पाठवतात आणि आईबापांना कळत नाही की हा अभ्यास आहे, खेळ आहे की चोरी. म्हणून हे जरा मुळापासून.

सोंग घेणारा प्रोग्रॅम

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. सोनीचं प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स, निंटेंडोचं स्विच. एम्युलेटर म्हणजे त्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. तो आपल्या संगणकावर चालतो आणि गेमला असं भासवतो की बाबा, तू तुझ्याच घरी आहेस.

आपल्या बेळगाव भागात हे समजायला लांब जायला नको. घरी कानडीतली नोटीस येते. आजोबांना कानडी वाचता येत नाही. मग शेजारचा पोरगा बोलवायचा. तो एक ओळ वाचतो, मराठीत सांगतो, पुढची ओळ वाचतो, मराठीत सांगतो. एम्युलेटरची सगळ्यात जुनी आणि सोपी पद्धत हीच. गेममधली एक सूचना वाचायची, तिचा अर्थ लावायचा, आपल्या प्रोसेसरला कळेल अशी सांगायची, मग पुढची.

आता समजा तीच नोटीस दर मिनिटाला शंभर वेळा वाचायची आहे. पोरगा वैतागेल आणि म्हणेल, एकदाच मराठीत लिहून देतो, पुढच्या वेळी कागद बघा. गेमचं असंच असतं. तेच तेच तुकडे सेकंदाला हजारो वेळा चालतात. म्हणून आजचे एम्युलेटर एखादा तुकडा पहिल्यांदा समोर आला की तिथल्या तिथे भाषांतर करून ठेवतात आणि पुढे ते तयार भाषांतरच चालवतात. तंत्रज्ञ याला जेआयटी (जस्ट-इन-टाइम, म्हणजे ऐनवेळचं भाषांतर) म्हणतात. याशिवाय प्लेस्टेशन ३ सारख्या कन्सोलचा गेम धड चालणं अशक्यच.

पण लिहून दिलं म्हणून काम हलकं झालं असं नाही. कानडीतला एक शब्द मराठीत सांगायला कधी अख्खं वाक्य लागतं. तसंच प्लेस्टेशनच्या प्रोसेसरची एक सूचना संगणकाच्या प्रोसेसरला चार-पाच सूचनांत सांगावी लागते. ताकद दहापट असली तरी त्यातला मोठा वाटा या समजावण्यातच जातो.

पंचवीस की इप्पत्तैदु?

एक गंमत सांगतो, कारण ती बेळगावकराला इतरांपेक्षा लवकर कळेल. आपण मराठीत 'पंचवीस' म्हणतो. आधी पाच, मग वीस. कानडीत 'इप्पत्तैदु'. आधी वीस, मग पाच. खडेबाजारात कुणी कानडीत फोन नंबर सांगायला लागलं आणि लिहिणारा मराठी डोक्याचा असला की क्षणभर पेन अडतंच. आकडा तोच, पण कुठलं टोक आधी घ्यायचं यावर दोघांचा घोळ.

प्रोसेसरांतही असे दोन पंथ आहेत. आपल्या संगणकातले इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर मेमरीत आकडा ठेवताना मराठीसारखे वागतात, लहान भाग आधी. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० मधले पॉवरपीसी घराण्याचे प्रोसेसर कानडीसारखे, मोठा भाग आधी. त्यामुळे मेमरीतून आकडा उचलला की उलटा करायचा, परत ठेवताना पुन्हा उलटा करायचा. एकदा केलं तर काहीच नाही. सेकंदाला कोट्यवधी वेळा करायचं म्हटलं की घाम फुटतो.

बरोबर वागायचं म्हणजे किती बरोबर?

इथं बहुतेकांचा एक गैरसमज असतो. यंत्र जुनं, म्हणजे त्याची नक्कल सोपी. तसं नाही. नक्कल किती हुबेहूब हवी, यावर सगळं अवलंबून आहे.

सुपर निंटेंडो हे १९९० साली जपानमध्ये आलेलं यंत्र. त्याचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा. 'बीस्नेस' नावाच्या एम्युलेटरच्या कर्त्यानं २०११ साली लिहिलं होतं की या यंत्राची खरोखर अचूक नक्कल करायची तर सुमारे ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागतो. म्हणजे मूळ यंत्राच्या आठशेपटीहून जास्त वेग. का? कारण त्या यंत्रात प्रोसेसर, चित्र काढणारी चिप आणि आवाजाची चिप एकाच वेळी, आपापल्या तालावर चालायची. एम्युलेटर म्हणजे एकपात्री प्रयोग. राजा, प्रधान आणि शिपाई एकट्यानंच करायचे आणि तिघंही एकाच क्षणी बोलताहेत असं प्रेक्षकाला वाटलं पाहिजे.

आणि गेम लिहिणारे लोक तालाचा फायदा घ्यायचे. 'एअर स्ट्राइक पट्रोल' नावाच्या एका जुन्या गेममध्ये विमानाखाली त्याची सावली पडते. ही सावली काढायला गेम काय करतो, तर पडद्यावर चित्राची एक ओळ उमटत असतानाच, ओळ अर्धी झालेली असताना, चिपला नवी सूचना देतो. घाईघाईनं नक्कल करणाऱ्या एम्युलेटरांना ओळीच्या मधला क्षण माहीतच नसतो. त्यांच्यावर गेम चालतो, विमान उडतं, पण सावली पडत नाही. सावली नसली म्हणून काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडलं ते असं की बाँब नेमका कुठं पडणार याचा अंदाज त्या सावलीवरूनच यायचा.

आता हेच आधुनिक कन्सोलला लावून बघा. तिथं इतकी बारीक नक्कल करायला पुरेल असा संगणक आज बाजारात नाही. मग एम्युलेटर लिहिणाऱ्याला तडजोड करावी लागते. जिथं चालून जातं तिथं मोघम नक्कल, जिथं अडतं तिथं अचूक. आणि कुठं अडतंय हे शोधण्यात वर्षं जातात.

लग्नाचा आचारी आणि सहा मदतनीस

भाच्याच्या प्लेस्टेशन ३ कडे येऊ. या यंत्राच्या पोटात 'सेल' नावाचा प्रोसेसर आहे. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून केलेला, ३.२ गिगाहर्ट्झचा. त्याची रचना लग्नाच्या स्वयंपाकघरासारखी आहे.

एक मुख्य आचारी. त्याच्या हाताखाली मदतनीस. चिपवर मदतनीस आठ असतात, पण कारखान्यातून चिप बाहेर पडताना त्यातला एक बंदच ठेवतात. म्हणजे आठातला एखादा बिघडका निघाला तरी चिप टाकून द्यावी लागत नाही. राहिले सात. त्यातला एक यंत्राच्या स्वतःच्या कामाला बांधलेला. गेमच्या वाट्याला सहा.

या मदतनिसांची तऱ्हा वेगळी. प्रत्येकाकडे एक लहान परात, २५६ किलोबाइटची. त्यानं फक्त परातीतल्या जिनसांवरच हात चालवायचा. कोठीत, म्हणजे यंत्राच्या मुख्य मेमरीत, शिरायचं नाही. कांदे संपले तर हमालाला सांगायचं, हमाल आणून परातीत टाकणार. पण परातीत माल असला की हा गडी असा काही कांदा चिरतो की आचाऱ्यानं तोंडात बोट घालावं. हिशेबांच्या कामात या चिपचा वेग इतका होता की अमेरिकन हवाई दलानं २०१० साली १७६० प्लेस्टेशन एकत्र जोडून त्यांचा महासंगणक केला. ते खेळायला नव्हे, कामाला.

आपल्या संगणकाचं स्वयंपाकघर मात्र अगदी वेगळं. सहा-आठ आचारी, सगळे सारख्या मानाचे, सगळे स्वतः कोठीत जाणारे. अशा आचाऱ्यांना आता सांगायचं की बाबांनो, तुम्ही मदतनीस आहात असं समजा. समोर लहान परात ठेवा. कोठीकडे बघू नका. हमाल नाही, पण असल्याचं भासवा. आणि दोघांनी एकाच पातेल्याला हात घातला तर कुणी मागं व्हायचं, हे त्या जुन्या स्वयंपाकघराच्या रिवाजानं ठरवा, तुमच्या नव्हे.

हा शेवटचा मुद्दा फार त्रासाचा. सेलमध्ये 'हे पातेलं मी धरलंय' असं सांगायचं तर एकावेळी १२८ बाइटचा तुकडा धरला जातो. आपल्या प्रोसेसरांत मेमरीची ओळ ६४ बाइटची. म्हणजे एकाची दोन पातेली मिळून दुसऱ्याचं एक. दोन पातेली एकाच क्षणी धरल्याचं सोंग करताना गेम हमखास चुकतो किंवा हळू होतो.

गेम लिहिणाऱ्यांनीही सुरुवातीला या चिपच्या नावानं बोटं मोडली. पण काही चिवट लोकांनी तिला वश केलं आणि सहाही मदतनिसांना क्षणभर उसंत मिळणार नाही असे गेम लिहिले. एम्युलेटरला सगळ्यात जड जातात ते हेच. चांगला लिहिलेला गेम नक्कल करायला सर्वांत अवघड, हा उलटा न्याय मला आजही गमतीचा वाटतो.

'आरपीसीएस३' हा प्लेस्टेशन ३ चा एम्युलेटर २०११ साली सुरू झाला. हे लोक अजून काम करताहेत. पगारी नोकर नाहीत, बहुतेक स्वयंसेवक. या सगळ्या स्वयंपाकघराला सेकंदाला ६० चित्रं वाढायची असतात. म्हणजे एका ताटाला सतरा मिलिसेकंदसुद्धा मिळत नाहीत. गेम ३० चित्रांचा असला तर तेहतीस. ताट वेळेवर गेलं नाही की पडद्यावरचा माणूस थबकतो.

आठ आणे सोडायचे की धरायचे

प्लेस्टेशन २ ची एक खोड सांगायलाच हवी. दशांश चिन्हाच्या आकड्यांचा हिशेब प्रोसेसरांनी कसा करावा, याचा एक जागतिक नियम १९८५ पासून आहे. आपले संगणक तो पाळतात. प्लेस्टेशन २ चा प्रोसेसर तो पूर्ण पाळत नाही. एक दुकानदार सात रुपये नव्वद पैशांचे आठ करतो, दुसरा वरचे पैसे सोडून सातच घेतो. प्लेस्टेशन २ हा दुसरा दुकानदार. शिवाय 'अनंत' हा आकडा त्याच्या वहीतच नाही. जितका मोठा आकडा लिहिता येतो तितका लिहून मोकळा.

एका व्यवहारात पैशांचा फरक. पण गेममध्ये असे व्यवहार लाखोंनी होतात आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात जातं. मग गाडी रस्त्यातून खाली जाते, नाहीतर शत्रू भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. 'पीसीएसएक्स२' या एम्युलेटरच्या सेटिंगमध्ये आकडे कसे गोल करायचे याचे वेगवेगळे पर्याय दिसतात ना, ते यासाठी. यूट्यूबवर बघून सगळे पर्याय चढते ठेवणाऱ्या पोरांनी जरा थांबावं.

"पण प्लेस्टेशन ४ तर आपल्याच भाषेत बोलतं की!"

भाचा हुशार आहे. इथवर ऐकून त्यानं बरोबर हा आक्षेप काढला. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये आणि एक्सबॉक्स वनमध्ये एएमडीचा प्रोसेसर आहे, आपल्या संगणकासारखाच, त्याच भाषेचा. प्लेस्टेशन ४ चा वेग तर १.६ गिगाहर्ट्झ, आजच्या स्वस्त लॅपटॉपपेक्षाही कमी. इथं भाषांतराचा प्रश्नच नाही. मग ते तरी धडाधड चालायला नको काय?

कोल्हापूरचा पाहुणा बेळगावात जमिनीच्या कामाला आला तर काय होतं? भाषा तीच. तो म्हणतो, "सातबारा काढून द्या." आपण म्हणतो, "उतारा काढ." आणि कचेरीच्या खिडकीवर मागायचं असतं ते आरटीसी, म्हणजे पहाणी. कागद साधारण तोच, पण नाव वेगळं, खिडकी वेगळी, रकाने वेगळे. अस्खलित मराठी येऊनही पाहुणा उभाच.

गेम एकटा कधीच काम करत नाही. फाइल उघड, आवाज वाजव, कंट्रोलरचं बटण दाबलंय का बघ, खेळ सेव्ह कर, असं तो सतत यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टीमला सांगत असतो. प्लेस्टेशन ४ ची सिस्टीम फ्रीबीएसडी नावाच्या सिस्टीमवरून केलेली आहे, आणि तिच्यावर सोनीचे स्वतःचे शेकडो दाखले, शेकडो खिडक्या. गेम 'पहाणी' मागतो आणि आपलं विंडोज म्हणतं, असला कागद आमच्याकडे नाही. म्हणून इथं एम्युलेटर दुभाषी राहत नाही, कचेरीबाहेरचा एजंट होतो. 'अमुक मागितलं ना, मग आमच्याकडे त्याला तमुक म्हणतात, आणून देतो.' यातल्या कित्येक दाखल्यांचं वर्णन कुठंही छापलेलं नाही. गेम काय मागतो आणि काय मिळाल्यावर खूश होतो, हे बघत बघत अंदाज बांधायचा. 'शॅडपीएस४' नावाचा एम्युलेटर हेच करतोय. २०२४ पासून त्यावर काही मोठे गेम चालू लागले, तेही बऱ्याच खटपटीनंतर.

चोर्ला घाटाचा प्रश्न

दुसरी अडचण रस्त्याची आहे. माझ्या मते खरी मेख इथंच आहे, पण तिच्याबद्दल कमी बोललं जातं.

कन्सोलमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक चिप एकाच मेमरीतून खातात. प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी मेमरी, दोघांची सामाईक. प्रोसेसरनं एखादा आकडा लिहिला की तो ग्राफिकला तिथल्या तिथे दिसतो. एकाच मार्केट यार्डात दोन गाळे असावेत तसं. या यार्डात सेकंदाला १७६ जीबी माल हलतो.

आपल्या डेस्कटॉपमध्ये वेगळं ग्राफिक कार्ड असतं, त्याची मेमरी वेगळी. प्रोसेसर बेळगावात, ग्राफिक पणजीत. मधे चोर्ला घाट. आपली भाजी रोज गोव्याला जाते, पण ती घाटातून जाते आणि त्याला वेळ लागतो. प्लेस्टेशन ४ च्या काळातल्या संगणकांत या घाटातून एका दिशेला सेकंदाला साधारण १६ जीबी माल जायचा. नव्यांत त्याच्या दुप्पट, चौपट. तरी यार्डाची सर नाही.

संगणकासाठीच लिहिलेला गेम हे जाणून असतो. तो सकाळीच ट्रक भरून पाठवतो, दिवसभर घाट ओलांडत नाही. कन्सोलचा गेम मात्र यार्डातल्या सवयीनं वाढलेला. तो दर पाच मिनिटांनी शेजारच्या गाळ्यात डोकावून म्हणतो, दोन मिरच्या द्या. एम्युलेटरला प्रत्येक वेळी ट्रक काढावा लागतो, किंवा मिरच्या कधी लागतील याचा आधीच अंदाज करावा लागतो. अंदाज चुकला की चित्रं फाटतात, माणसाच्या चेहऱ्यावर भिंतीचा रंग येतो.

२०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये हे आणखी पुढं गेलंय. १६ जीबी सामाईक मेमरी, सेकंदाला ४४८ जीबीचा यार्ड, आणि सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी एसएसडी, म्हणजे यंत्राच्या आतली साठवण. दाबून भरलेला माल उलगडायला वेगळी चिप. गेम हे सगळं गृहीत धरून लिहिलेले असतात. भारतात हे यंत्र २ फेब्रुवारी २०२१ ला आलं तेव्हा डिस्कवालं ४९,९९० रुपयांना होतं. त्याच पैशात तेवढ्या तोलाचा संगणक जुळवून दाखवा, असं मी भाच्याला म्हटलं. तो गप्प बसला.

पहिल्यांदाच का अडखळतं?

एक अनुभव एम्युलेटरवाल्या प्रत्येकाला येतो. नव्या खोलीत शिरलं, पहिला स्फोट झाला, पहिल्यांदा पाऊस पडला की गेम क्षणभर थिजतो. दुसऱ्या वेळी तिथंच सुरळीत.

ग्राफिक कार्डला रंग, सावली, पाण्याची चमक कशी काढायची हे सांगणारे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना शेडर म्हणतात. कन्सोलमधली ग्राफिक चिप कोट्यवधी घरांत एकच, त्यामुळे शेडर कारखान्यातच शिजवून डिस्कवर देता येतात. आपल्या संगणकात कुठलं कार्ड आहे हे कुणालाच आधी ठाऊक नसतं. म्हणून एम्युलेटरला तो शेडर समोर आल्यावर उलगडून, भाषांतर करून, आपल्या कार्डासाठी नव्यानं शिजवावा लागतो. ते शिजेपर्यंत पंगत ताटकळत बसते. शिजलेलं साठवून ठेवता येतं, म्हणून दुसऱ्या वेळी त्रास नाही. गेमक्यूब आणि वी या निंटेंडोच्या यंत्रांच्या 'डॉल्फिन' एम्युलेटरनं २०१७ साली यावर एक अचाट तोडगा काढला. मूळ ग्राफिक चिपचीच नक्कल करणारा एक भलामोठा शेडर लिहिला आणि खरा शिजेपर्यंत त्याच्यावर वेळ मारून नेली. दोन वर्षं गेली त्यात.

"कंपन्याच का करून देत नाहीत?"

करतात, पण त्यांनाही जड जातं. मायक्रोसॉफ्टकडे स्वतःच्या यंत्राचे सगळे नकाशे होते. तरी २०१५ पासून एक्सबॉक्स वनवर जुन्या ३६० चे गेम चालवायला त्यांनी एकेक गेम तपासून दिला, आणि २०२१ मध्ये थांबले तेव्हा यादी सहाशेच्या थोडी वर होती. ३६० चे गेम दोन हजारांहून जास्त आहेत. सोनीनं तर पहिल्या प्लेस्टेशन ३ मध्ये सोंगाची भानगडच ठेवली नाही, प्लेस्टेशन २ ची खरी चिपच आत बसवली. पुढं खर्च वाचवायला ती काढली. आणि आज प्लेस्टेशन ५ वर ३ चे गेम खेळायचे तर सोनी ते आपल्या सर्व्हरवरून इंटरनेटनं दाखवते. ज्यांनी सेल चिप केली त्यांची ही गत, तर निपाणीच्या पोरानं लॅपटॉपवर रागावण्यात काय अर्थ आहे?

चोरी की हक्क?

आईबापांचा खरा प्रश्न हा. दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. एम्युलेटर लिहिणं एक, आणि पैसे न देता गेम उतरवून घेणं दुसरी.

अमेरिकेत कनेक्टिक्स नावाच्या कंपनीनं १९९९ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा एम्युलेटर विकायला काढला. सोनी कोर्टात गेली. २००० साली वरच्या कोर्टानं कनेक्टिक्सच्या बाजूनं कौल दिला. यंत्र कसं चालतं ते समजून घेण्यासाठी केलेली नक्कल तिथं गुन्हा ठरली नाही. सोनीनं मग तो एम्युलेटर विकतच घेतला आणि बंद केला. पैशाची भाषा सगळीकडे एकच.

नव्या कन्सोलचं प्रकरण वेगळं आहे, कारण नवे गेम कुलुपात येतात. स्विचचा गेम किल्लीशिवाय उघडत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये निंटेंडोनं स्विचच्या 'युझू' या एम्युलेटरवर खटला घातला तो मुख्यतः या कुलुपावरून. नवा गेम बाजारात येण्याआधीच दहा लाखांहून जास्त वेळा चोरून उतरवला गेला, असंही त्यांनी म्हटलं होतं. आठवड्याभरात युझूच्या लोकांनी २४ लाख डॉलर द्यायचं कबूल करून दुकान बंद केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'र्युजिंक्स' हा स्विचचा दुसरा एम्युलेटरही थांबला.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या ५२ व्या कलमात, कायदेशीर मिळवलेल्या प्रोग्रॅमची सुरक्षेसाठी प्रत काढणं आणि तो कसा चालतो याचा अभ्यास करणं याला मोकळीक आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं ६५अ कलम आलं. हक्काचा भंग करण्याच्या हेतूनं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तेव्हा आपल्या डिस्कची प्रत आपल्यापुरती ठेवणारा आणि टेलिग्रामवरून शंभर गेम ओढणारा यांना एका तराजूत घालू नये.

"पण सगळे चोरलेलेच गेम खेळतात," असं म्हणणाऱ्यांचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. मात्र दुसरी बाजूही बघावी. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ साली पाहणी केली. तिथं २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज दुकानात कुठल्याच रूपात मिळत नाहीत. डिस्क खराब होतात. यंत्रं मरतात. आमच्या गल्लीतला दुरुस्तीवाला प्लेस्टेशन ३ ची चिप तापवून परत बसवून देतो, सहा महिने चालतं, मग तोच बिघाडाचा पिवळा दिवा. दोन वेळा पैसे घालवून मी नाद सोडला.

मग लॅपटॉप कसला घ्यावा?

थोडक्यात. नुसते कोर, म्हणजे प्रोसेसरमधले ते आचारी, मोजू नका, एका कोरचा वेग बघा. मेमरी १६ जीबी हवी. प्लेस्टेशन ३ साठी घेत असाल तर एव्हीएक्स-५१२ ही एका झटक्यात बरेच आकडे हाताळायची सोय असलेला प्रोसेसर बराच फरक पाडतो. एएमडीच्या २०२२ साली आलेल्या झेन ४ प्रोसेसरांत ती आहे, इंटेलनं बाराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरांत बंद केली. दुकानदार 'सगळं चालतंय की ओ' म्हणाला तर आरपीसीएस३ च्या यादीत आपल्या गेमचं नाव काढून त्याच्यापुढं धरा. प्रत्येक गेमपुढं लिहिलेलं असतं: पूर्ण खेळता येतो, खेळ सुरू होतो पण पुरा होत नाही, का नुसतं सुरुवातीचं चित्र दिसतं.

भाच्याचा गेम यादीत 'खेळता येतो' मध्येच होता. प्रोसेसरही चांगला होता. सेटिंग दोघांनी मिळून तासभर चाळली. काही केल्या सेकंदाला सतरा-अठरा चित्रांच्या वर जाईना. शेवटी कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह दिसलं. चार्जर निपाणीलाच राहिला होता. बॅटरीवर असे लॅपटॉप प्रोसेसरचा आणि ग्राफिकचा वेग मुद्दाम खाली आणतात.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराचा तसाच चार्जर मागून आणला. पिन खोचल्या खोचल्या आकडा तीसला जाऊन चिकटला. आई वातींचं ताट उचलून देवघरात निघाली होती. जाता जाता म्हणाली, "काल मी तेच म्हटलं न्हवं?"